स्लॅब झाला, घर कधी होणार?

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीहून गट्ट्याच्या रस्त्याने आत गेलं की गावागावांत एका साच्यातली घरं दिसू लागतात. कॉलम उभे असतात, स्लॅब झालेला असतो, पण भिंतींच्या विटा उघड्याच. खिडकीच्या चौकटीत खताचं रिकामं पोतं ताणून बांधलेलं असतं. गच्चीवर पुढच्या मजल्याच्या आशेने सोडलेल्या सळाखी गंजत असतात. घरवाले शेजारच्या कवेलूच्या जुन्या घरात निजतात. नव्या घरात धानाची पोती, सरपण आणि शेळ्या. पायव्यापासून छतापर्यंत कसंबसं निभतं. प्लास्टर, जमीन, दारं-खिडक्या, वीज, पाणी यांपाशी काम अडतं आणि काही ठिकाणी वर्षानुवर्षं अडूनच राहतं.

हे का होतं, यावर एका मामा-भाचीचं एकमत नाही. मामांनी आधी मातीची आणि मग सिमेंटची घरं बांधण्यात हयात घालवली. भाची स्थापत्य अभियंता आहे, घरकुलांच्या मोजमापासाठी गावोगाव फिरते. दोघांनाही या अर्धवट घरांचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून त्यांचं भांडण ऐकण्यासारखं आहे.

भाची : मामा, कुठल्याही गावात गेले की बायामाणसं एकच विचारतात, "मॅडम, प्लास्टरला आणि फरशीला किती लागतील?" तोवर स्लॅब होऊन वर्ष उलटलेलं असतं आणि गाठीला काही नसतं. हा प्रश्न पायवा खोदायच्या आधी विचारायचा असतो. घराची लांबी-रुंदी, उंची आणि खोल्या ठरल्या की शेवटच्या कामाचा खर्च तिथंच ठरून जातो.

मामा : पायव्याच्या दिवशी प्लास्टरचं कोण विचारतो, पोरी? मी जागेवर चुन्याने आखणी करताना घरमालकाचं तोंड बघितलं आहे. घराण्यात पहिल्यांदा पक्कं घर होत असतं. त्या दिवशी पैशाची भीती घालणारा मिस्त्री कुणाला नको असतो. आणि खर्च तू म्हणतेस तसा लांबी-रुंदीने वाढत नाही. तो रस्त्याने वाढतो. सिमेंटचंच बघ. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, घुग्घुस इथं सिमेंटचे कारखाने. म्हणजे सिमेंट आपल्या अंगणातच तयार होतं म्हण. तिथून गाडी गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्लीला, तिथून एटापल्लीला. इथवर रस्ता आहे. खरा खर्च एटापल्लीच्या दुकानापुढे सुरू होतो. तिथून ट्रॅक्टर. ट्रॅक्टर नाल्यापर्यंत. नाल्यापलीकडे पोतं डोक्यावर. एकच पोतं तीनदा चढवलं, तीनदा उतरवलं, आणि प्रत्येक हाताची मजुरी त्यावर चढली.

भाची : २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत १०० रुपये धरली तर १२८ ऐवजी ११८ पडायला हवेत.

मामा : दुकानात पडतील. ट्रॅक्टरवाल्याचं भाडं त्या कायद्याने कमी झालं नाही ना? रेतीचंही तसंच. घरकुलवाल्याला ५ ब्रास रेती मोफत. चांगली गोष्ट आहे. पण एका ट्रॉलीत जेमतेम ब्रासभर मावते. म्हणजे घाटावरून पाच खेपा. रेती फुकट, खेपा आपल्या. शिवाय प्लास्टरला बारीक, चाळलेली रेती लागते. घाटावरची जाड रेती चाळायला दोन बाया दिवसभर लागतात. तो रोज तुझ्या एस्टिमेटमध्ये मला कधी दिसला नाही.

भाची : तो दिसायला हवा, हे मान्य. पण मी रस्ता बदलू शकत नाही, घराचा आकार बदलू शकते. घरकुल योजनेत घर किमान २६९ चौरस फुटांचं धरलं आहे, २५ चौरस मीटर. समजा ५ मीटर बाय ५ मीटर, दोन खोल्या, उंची ३ मीटर. जमीन २५ चौरस मीटर. लोकांना वाटतं, प्लास्टरही तेवढ्याच हिशेबाने. आता भिंती मोजा. बाहेरून ६०. आतून, मधली भिंत दोन्ही बाजूंनी धरून, ऐंशीच्या पुढे. छताचे २५. दारं-खिडक्या वजा केल्या तरी १५० चौरस मीटरच्या वर जातं. जमिनीच्या सहापट! त्याला १५-१६ पोती सिमेंट लागतं. स्लॅबला साधारण २० पोती लागली होती, म्हणजे हे काम स्लॅबच्या अगदी जवळ जाऊन बसतं. आता तेच २५ चौरस मीटर कुणी रस्त्याकडेने लांबट बांधलं, अडीच बाय दहा, तर बाहेरच्या भिंतीचा घेर २० मीटरचा २५ होतो. जमीन एका फुटाने वाढली नाही, पण १५ चौरस मीटर भिंत वाढली. तिच्या विटा, तिचा बांधकामाचा माल, दोन्ही अंगांचं प्लास्टर आणि रंग. उंची एका फुटाने वाढवली तरी तेच.

मामा : हिशेब पक्का आहे तुझा. त्यात माझ्या धंद्यातली एक गोष्ट घाल. भिंत ओळंब्यात नसेल तर हा सगळा हिशेब कोलमडतो. आतून १२ मिलिमीटर प्लास्टर बस होतं. पण वीट गावठी, भट्टीत वाकडी झालेली, मिस्त्री घाईत, ठेकेदाराला पुढच्या घरावर जायचं. भिंतीला पोट आलेलं. ते पोट झाकायला कुठंकुठं इंचभर माल थापावा लागतो. जाडी दुप्पट झाली की सिमेंट दुप्पट. माणूस म्हणतो, प्लास्टर महाग पडलं. प्लास्टर महाग पडलं नाही, वाईट भिंत महाग पडली. स्वस्त मिस्त्रीची उरलेली मजुरी शेवटी प्लास्टरच्या सिमेंटमध्ये द्यावी लागते.

भाची : म्हणून तर सरकारने ग्रामीण गवंडी प्रशिक्षण आणलं. ४५ दिवसांचं, खऱ्या घरकुलाच्या बांधकामावरच.

मामा : चांगलं आहे. पण शिकलेला पोरगा गावात थांबत नाही. त्याला सुरजागडच्या खाणीकडे नाहीतर तेलंगणात ठरलेला रोज मिळतो. गावाला पुन्हा अर्धशिक्या हातच उरतो. मजुरांचं कॅलेंडरही बघ. मार्चमध्ये मोहफूल वेचायचं. मे महिन्यात तेंदूपत्ता. त्या दिवसांत माणूस रोखीचं काम सोडून विटा वाहायला येणार नाही, आणि त्याने यावंही का? मृग लागला की धान. धान कापून घरात येईपर्यंत दिवाळी उलटते. राहिले काय, डिसेंबर ते फेब्रुवारी आणि मधूनमधून एप्रिल. तेवढ्यात हप्ता आला तर काम. हप्ता जूनमध्ये आला तर माणूस सिमेंट घेऊन ठेवतो, कारण पुढे नाले भरतात. तीन महिने ओलसर हवेत ठेवलेलं सिमेंट अशक्त होतं, तळाची पोती तर दगड होतात. पैसे खर्चले आणि भिंतीला काहीच लागलं नाही.

भाची : हप्त्यांचं दुखणं खरंच आहे. पैसा टप्प्यांवर मिळतो: जोता, लिंटेल, छत. प्रत्येक टप्प्याचा जागेवर जाऊन फोटो काढायचा, तो चढला की पुढचा हप्ता. त्यामुळे सगळ्यांचा जीव छताकडे लागतो. छत झालं की मोठा पैसा संपलेला असतो. पण मामा, पैसा कमी का पडला तेही बघू. योजना २६९ फुटांची. मी मोजायला गेले की ४०० फुटांचा जोता असतो, कधी ५०० चा. अनुदान वाढत नाही, जोता वाढतो. पायव्यातच अर्धं अनुदान जातं.

मामा : आता माझं ऐक. २६९ फुटांत नवरा-बायको, दोन पोरं, म्हातारी आई, वर्षाचं धान, मोहफुलाचं टोपलं, शेतीची अवजारं आणि पावसात आत घ्यायच्या शेळ्या बसव बरं. आपल्या जुन्या घरांत राहायची खोली लहानच असायची, पण पुढे छपरी, मागे परसू, बाजूला गोठा. अर्धं आयुष्य छपरीत जायचं. तुझ्या नकाशात छपरी नाही. माणूस छपरीची जागा आत शोधतो आणि घर वाढतं. हा त्याचा हट्ट नाही, नकाशाची चूक आहे.

भाची : हे मला पटलं. पण उपाय वेगळा आहे. पक्कं २६९ फूटच बांधा, चौकोनी. त्याला लागून छपरी बांबूची आणि कवेलूची, जुन्या पद्धतीने. महाग साहित्य झोपायच्या आणि धान ठेवायच्या जागेला, स्वस्त साहित्य बसायच्या जागेला. मग पुरे करायला पैसा उरतो.

मामा : हे तू आज माझ्यासमोर म्हणतेस. तुझ्या कार्यालयातून गावात जो नकाशा जातो, त्यात आहे का?

भाची : तसे नमुने आहेत. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने 'पहल' नावाने देशभरातल्या घरांच्या नमुन्यांचा संग्रह काढला, स्थानिक साहित्य आणि हवामान धरून. गावात मात्र सगळ्यांना शेजाऱ्यासारखंच घर हवं असतं.

मामा : कारण शेजाऱ्याच्या घरावर स्लॅब आहे, आणि आजकाल पाहुणे सोयरीक जुळवताना स्लॅब बघतात. मी लोकांना दोष देत नाही. पण मे महिन्यात त्या स्लॅबखाली निजून बघ. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आपल्याकडेही काही वेगळं नाही. चार इंची स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते अंगावर सोडतो. मग पंखा, मग वीज, आणि वीज गेली की सगळे अंगणात. पैसे घालून बांधलेलं घर उन्हाळ्यात रिकामं. कवेलूचं छप्पर श्वास घेतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी धानोरा तालुक्यात 'सर्च'चा दवाखाना काढला, तेव्हा लोकांनीच सांगितलं की आमच्या घरांसारखा बांधा. तो झोपड्या-झोपड्यांचा बांधला गेला आणि लोक न बुजता आले. आपली घरं मागासलेली होती म्हणून सोडली नाहीत आपण. त्यांची लाज वाटायला लावली गेली.

भाची : मामा, तुम्ही कवेलूच्या घराचा खर्च कधी मांडला आहे?

मामा : त्याला खर्च कसला? बांबू जंगलातला, माती शिवारातली, शेण गोठ्यातलं. कवेलू कुंभाराचे, तेवढे पैसे.

भाची : तिथंच आपलं जमत नाही. दर पावसाळ्याआधी कवेलू परतायचे. माकडं नाचली की मधूनच पुन्हा. वाळवीने वासा खाल्ला तर बदलायचा, आणि आता साग मिळतो कुठं? आलापल्लीचा साग डेपोच्या लिलावात चढतो; २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी आपल्याच जंगलातला साग गेला. माझ्या मावशीला चौकटीला मात्र बाभूळ बघावी लागली. आणि लिंपण? भिंती दरवर्षी लिंपायच्या, जमीन दर आठ-दहा दिवसांनी सारवायची, दिवाळीला पांढरी माती. हे सगळं बायकांनी. शेण गोळा करायचं, माती आणायची, पाणी विहिरीवरून. माझी आजी पाठ वाकेपर्यंत सारवत होती. तुमच्या हिशेबात हे काम शून्य रुपयांचं आहे, कारण ते करणाऱ्या बाईला कुणी रोज देत नाही. मला सिमेंटचा कोबा यासाठी हवा आहे. माझ्या आईला तो एकदाच करायचा आहे.

मामा : हं. त्याला मला उत्तर नाही, पोरी. पुरुषांनी छप्पर शाकारलं आणि रोजचं काम बायकांवर टाकलं, हे खरं आहे. पण एवढ्यावरून माती वाईट ठरत नाही. आतली भिंत पावसात भिजत नाही. तिच्यावर भुसा आणि चुना घालून मातीचा गिलावा नीट केला तर तो वर्षानुवर्षं टिकतो, दरवर्षी लिंपावं लागत नाही. तुझ्या १५० मीटरमधले अर्धे तर आतलेच. तेवढं सिमेंट वाचलं तर त्या पैशांत दार आणि दोन खिडक्या येतात. आणि तो गिलावा मी करीन, तुझ्या आईने नाही. पुरुष मिस्त्रीने मजुरी घेऊन केलेलं काम.

भाची : एखाद्या घरात करून दाखवाल? मी मोजते, दोन पावसाळे बघते, मग बोलू.

मामा : दाखवीन. आता तूही एक सांग. लोक पैसा हातात आला की आधी काय करतात? हॉलमध्ये चकचकीत फरशी.

भाची : आणि तीच सर्वांत आधी फुटते. त्या फरश्या बहुतेक गुजरातेतल्या मोरबीहून येतात. आपल्या रस्त्यावर खोक्यातल्या काही वाटेतच तडकतात, तडकलेल्यांची किंमतही आपणच देतो. आधी थांबवायची ती ओल. त्या दिवशी कसनसूर रस्त्यावरच्या घरात मी भिंतीला हात लावला. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत विटेवर पांढरा लोणा. बोटाने खरवडलं तर विटेची साल भुरभुर खाली पडली. घरमालक म्हणाला, यावर टाइल्स लावून टाकतो, झाकलं जाईल. मी म्हटलं, दादा, टाइल्स वर्षभरात सुटतील. जोत्याच्या माथ्यावर ओल अडवणारा थर नाही, जोता वीतभर उंच, आणि पागोळ्यांचं पाणी थेट भिंतीच्या पायाशी. आपल्याकडे वर्षाला तेराशे-पंधराशे मिलिमीटर पाऊस. जोता दोन फूट असता, भोवती तीन फुटांचा उताराचा कोबा असता, तर तो लोणा आलाच नसता.

मामा : जोता उंच केला की भराव लागतो. मुरुमाच्या ट्रॉल्या.

भाची : लागतात, आणि त्याच पैशांनी पुढच्या दहा वर्षांचं प्लास्टर वाचतं. ओलीचं हे गणित जगभर सारखं आहे. माझी एक वर्गमैत्रीण न्यू जर्सीत राहते. तिथल्या पुष्कळ घरांना खाली तळघर असतं, आणि ते नुसत्या काँक्रीटचं कच्चंच मिळतं. तिला त्यात मुलांची खोली आणि बाथरूम करायची होती. पहिला दर भिंत-फरशीचा आला, तो परवडत होता. मग एकेक गोष्ट निघाली. भिंतीत पाणी पाझरत होतं, ते थांबवल्याशिवाय काही करता येणार नव्हतं. संडासाचं भांडं बाहेरच्या गटाराच्या नळापेक्षा खाली, म्हणून काँक्रीट फोडून मैला वर ढकलणारा पंप बसवायचा. झोपायची खोली म्हटली की आगीत बाहेर पडता येईल एवढी खिडकी हवी, ती भिंत कापून. तिथल्या नियमाने छत सात फूट तरी हवं, आणि एक पाइप आडवा येत होता. परवाना वेगळा. रंगाचा आणि फरशीचा खर्च शेवटी सगळ्यांत लहान निघाला.

मामा : म्हणजे अमेरिकेतही पाणी आणि राहून गेलेलं कामच खातं.

भाची : राहून गेलेलं काम नंतर फोडून करावं लागतं. आपल्याकडे विजेचं तसंच. प्लास्टरच्या आधी पाइप टाकले तर एका दिवसाचं काम. नंतर भिंतीत झिऱ्या मारा, पाइप बसवा, पुन्हा बुजवा, पुन्हा रंग. संडासालाही स्वच्छ भारतमधून १२ हजार मिळतात, पण त्याची जागा आणि दोन शोषखड्डे पायव्याच्या वेळी ठरले नसतील तर पुढे ओसरी उकरावी लागते.

मामा : एका शहाण्या आर्किटेक्टचं मी ऐकलं आहे, तिरुवनंतपुरमचा बेकर. प्लास्टर न करता घरं बांधायचा.

भाची : लॉरी बेकर. २००७ मध्ये गेले. रॅट-ट्रॅप बॉन्ड त्यांनी लोकप्रिय केला. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची. विटा साधारण चौथा हिस्सा कमी लागतात आणि पोकळीमुळे घर थंडही राहतं. विटेच्या भिंती ते बऱ्याचदा उघड्याच ठेवत. प्लास्टरच नको म्हटलं की अडलेलं घर आपोआप पुरं होतं.

मामा : वीट सारखी हवी त्याला. आपली भट्टीची वीट कडेला कच्ची, पाऊस पिणारी. पश्चिमेची झडीची भिंत तरी झाकावीच लागेल. पण भट्टीवाल्याने साचा नीट ठेवला आणि मिस्त्रीला एका घराचा सराव मिळाला, तर बाकीच्या तीन भिंती उघड्या शोभतील. बांबूचंही मला असंच वाटतं. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. आपल्या तालुक्यातल्या ग्रामसभांकडेही हक्क आहेत. बांबू कागद कारखान्याला विकतो आपण, आणि घराला तट्ट्या करायला विचारलं तर म्हणतो, कीड लागते. थंडीत तोडून पाण्यात भिजवलेल्या बांबूला लवकर कीड लागत नाही, हे माझ्या बापाला ठाऊक होतं.

भाची : आणि बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवला तर आणखी टिकतो. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, ही विद्या तिथं आहे. छपरी, आतलं पार्टिशन, माळा हे सगळं बांबूचं होऊ शकतं. मामा, इथं आपण दोघं एका बाजूला आलो.

मामा : एका बाजूला नाही. मी अजूनही कवेलूचाच. पण पैशाचं बोल. तुझं सरकार किती देतं?

भाची : प्रधानमंत्री आवास योजना २०१६ पासूनची. सपाट भागात १ लाख २० हजार. डोंगराळ, दुर्गम भागात आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात १ लाख ३० हजार. शिवाय रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी. माडिया आदिवासींसाठी २०२३ ला सुरू झालेल्या पीएम-जनमनमधून २ लाख. आवास योजनेचा मूळ आकडा २०१६ चाच राहिला. राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर जाहीर केली, त्यातले १५ हजार सौर पॅनेल बसवणाऱ्याला. योजनेत ७० हजारांपर्यंत कर्ज मिळवून देण्याचीही तरतूद आहे.

मामा : कर्ज घ्यायला गेलं की बँक तारण विचारते. माझ्या ओळखीत कुणी घेतलेलं नाही. दुकानदाराची उधारी मात्र सगळ्यांनी घेतली आहे. १ लाख ३० हजार म्हणजे चौरस फुटाला किती?

भाची : २६९ ने भागलं तर ४८३ रुपये.

मामा : आणि सपाट मुलखातल्या माणसाला आपल्याहून १० हजारच कमी. आपल्या जिल्ह्यातही वडसा देसाईगंजला रेल्वे स्टेशन आहे, गिट्टी-लोखंड दारात उतरतं. तिथल्या माणसाला जेवढे, तेवढेच नाल्यापलीकडच्याला. तू मला आकार सांग, जोता सांग, मी सगळं मान्य करतो. पण अंतराला जोवर किंमत नाही, तोवर आतल्या गावातलं घर अर्धंच राहणार. माणूस शहाणपणाने वागला तरी अर्धं, नाही वागला तर अर्ध्याहूनही कमी.

भाची : यावर मी भांडत नाही. माझं म्हणणं एवढंच, की अंतराची किंमत मिळेपर्यंत थांबायला नको. दोन खोल्या अर्ध्या ठेवण्यापेक्षा एक खोली पूर्ण करा: कोबा, दार, खिडकी, वीज, झडीच्या बाजूचं प्लास्टर. माणूस तिथं राहायला गेला की उरलेलं घर तो स्वतःच ढकलतो. रिकामं घर कुणी पुरं करत नाही.

मामा : हे मात्र मी प्रत्येक घरमालकाला सांगीन. शेवटचा हप्ता हातात आला की रंगवाल्याकडे जाऊ नको, आधी सुताराकडे जा.

भाची : आणि मी एस्टिमेटला दोन ओळी जोडीन. एक वाहतुकीची, घाटापासून आणि दुकानापासून गावापर्यंत. दुसरी लिंपण-सारवणाच्या मजुरीची. जुन्या पद्धतीचं घर निवडलं तरी ते काम कुणाचं आणि किती दिवसांचं, हे ग्रामसभेत वाचून दाखवीन.

मामा : दुसऱ्या ओळीवर गावातले पुरुष चिडतील.

भाची : चिडू देत. बाया ऐकतील.

दोघांचं छताबाबत पटलं नाही आणि पटणारही नाही. मला ते ठीक वाटतं. एकाला उन्हाळ्याच्या रात्रीची काळजी आहे, दुसरीला घर राखणाऱ्या बाईच्या पाठीची, आणि घर बांधताना या दोन्ही काळज्या कुणीतरी वाहायलाच हव्यात. पण खर्चाबाबत दोघांच्या बोलण्यातून जे निघालं ते स्पष्ट आहे. घर पुरं करण्याचा खर्च शेवटी रंग-फरशीत दिसतो, तरी तो ठरतो जोत्याच्या उंचीत, भिंतीच्या ओळंब्यात, घराच्या आकारात आणि हप्ता कोणत्या महिन्यात पडतो त्यात. आतल्या गावांत तो नाल्यापलीकडच्या प्रत्येक खेपेत वाढतो, आणि ज्या कामाला आपण फुकट म्हणतो त्यात लपून राहतो.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. पायवा खोदण्याआधी घरमालकाच्या हातात शेवटच्या दारा-खिडकीपर्यंतचा हिशेब पडावा, त्याच्या गावापर्यंतच्या वाहतुकीसकट. आणि जिल्ह्याला सरसकट एक रक्कम देण्याऐवजी सर्वांत जवळच्या पक्क्या रस्त्यापासूनच्या अंतरावर अनुदान ठरावं. एटापल्लीतल्या माणसाने आपल्या वाट्याचं शहाणपण दाखवावं, ही अपेक्षा रास्त आहे. पण घर ज्या मुलखात बांधायचं तो मुलूख शासनाने हिशेबात धरला, तरच ती अपेक्षा करण्याचा आपल्याला हक्क आहे.